मदत हवी आहे: ट्रेलोमधल्या रंगीत लेबलांचा घोळ कसा निस्तरू?

मंडळी, आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा पहिल्यांदाच ट्रेलोवर (कामांची कार्डं याद्यांमध्ये लावून ठेवायचा ऑनलाइन फलक) चाललंय. याआधी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर असायचं आणि कुठली कथा कोणाकडे अडकलीय ते संपादकालाही (म्हणजे मलाच) कळायचं नाही.

बोर्डावर कथा, कविता, ललित, जाहिराती अशा याद्या केल्या. लेबलं मात्र हौसेहौसेने वाढत गेली. हिरवं म्हणजे 'शोधन झालं', लाल 'तातडीचं', निळं 'चित्र हवं', जांभळं म्हणजे मांडणीवाल्या ताईंकडे. मग कोणीतरी बालविभागालाही हिरवंच लावलं. आजघडीला चौदा लेबलं आहेत, त्यातल्या चारांना नावच नाही.

व्हायचं तेच झालं. बालविभागातली एक कविता हिरवी दिसली म्हणून ताईंनी ती थेट पानात लावली. शोधन झालंच नव्हतं. पीडीएफ उघडली तर पहिल्याच ओळीत 'आणी'!

भरीस भर म्हणजे मुद्रितशोधन करणाऱ्या काकांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. सिग्नलला ते वरचा दिवा लागलाय की खालचा ते बघून गाडी काढतात. हे त्यांनी परवा सांगितलं, तोवर बिचारे अंदाजाने काम रेटत होते.

साठेक कार्डं आहेत. सगळी लेबलं उडवून नव्याने सुरुवात करू का? आणि रंग नक्की कशाला द्यायचे?

कागदी_होडी:
उडवू नका! लेबल डिलीट केलं की सगळ्या कार्डांवरून जातं आणि परत आणता येत नाही. नाव बदललंत तर ते सगळीकडे आपोआप बदलतं, तेव्हा आधी नावं दुरुस्त करा.
पण खरी गडबड याद्यांत आहे. कथेची कधी कविता होत नाही, म्हणजे प्रकार लेबलावर टाका. बदलते ती अवस्था, तिच्या याद्या करा: आलं, शोधनाला, मांडणीत, छपाईला तयार. कार्ड डावीकडून उजवीकडे सरकत गेलं पाहिजे. ताईंसाठी जांभळं कशाला? कार्डावर त्यांनाच सदस्य म्हणून जोडा. 'तातडीचं' तर काढूनच टाका, आठवड्यात सगळंच तातडीचं होतं. त्याऐवजी तारीख घाला.

चष्मेबद्दूर:
काकांसाठी: लेबलांच्या मेनूतच रंगांधळेपणासाठीची सोय आहे. ती चालू केली की प्रत्येक रंगावर वेगळी नक्षी येते. ज्याच्या त्याच्या खात्यापुरती असते, त्यामुळे ती काकांच्या लॉगिनमधून करा. शिवाय कार्डावरच्या रंगीत पट्टीवर क्लिक केलं की बोर्डभर लेबलांची नावं उघडतात.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार! काल रात्री बसून कार्डं हलवली, लेबलं पाचावर आणली. नावं दिसायला लागल्यावर काका म्हणाले, "आता वाचता येतंय, मग रंग हवेत कशाला?"
एकच अडलंय. जाहिरातीच्या दोन अवस्था एकदम चालू असतात. मजकूर आलेला असतो, पैसे यायचे असतात. ते कार्ड कुठल्या यादीत ठेवू?

कागदी_होडी:
जाहिरातींची एकच यादी ठेवा आणि प्रत्येक कार्डात चेकलिस्ट करा: मजकूर, पैसे, पान ठरलं. कार्ड न उघडताच बाहेर २/३ असं दिसतं. पैशाच्या चौकटीत टिचकी मात्र खजिनदारांनाच मारू द्या.