आकडा भरून निघाला, माणसे मात्र बदलली

युद्धात घटलेली लोकसंख्या एका पिढीत पूर्ववत होते, हे विधान देशाच्या एकूण आकड्यापुरते पुष्कळदा खरे ठरते. परंतु एखाद्या प्रदेशाकडे जवळून पाहिले की 'पूर्ववत' हा शब्दच खटकू लागतो. जर्मनीतील ब्रेस्लाऊ १९४५ मध्ये पोलंडकडे जाऊन व्रोत्स्वाफ झाले. १९३९ मधील सुमारे ६,२९,००० ही लोकसंख्या गाठायला त्याला १९८० चे दशक उजाडावे लागले, आणि तोवर जुने जर्मन रहिवासी जवळजवळ उरले नव्हते. नवे रहिवासी सगळे ल्वूफहून (युद्धापूर्वी पोलंडमधले, आज युक्रेनमधले ल्विव) आले, हा समज मात्र अपुरा आहे. मध्य पोलंडमधून आलेले बरेच अधिक होते. हे नवे रहिवासी बहुतांशी तरुण असल्यामुळे तिथला जन्मदर देशाच्या सरासरीहून चढा राहिला, म्हणजे वाढीचे श्रेय वयोरचनेलाही द्यायला हवे. शहराच्या मुख्य चौकात प्रशियाच्या राजाचा अश्वारूढ पुतळा होता. १९५६ मध्ये त्याच जागी पोलिश नाटककार फ्रेद्रो यांचा, मूळचा ल्वूफमधला पुतळा बसवला गेला. विस्थापितांबरोबर पुतळ्यानेही स्थलांतर केले म्हणायचे! एवढे होऊनही पोलंड-जर्मनीमधली ही नवी सीमा टिकेल का, ही धास्ती पश्चिम जर्मनीशी १९७० मध्ये करार होईपर्यंत अनेक घरांत कायम होती.