हळदीचा पिवळा राखून दिव्यांची पिवळी झाक कशी काढावी? (गिम्प)

प्रश्न

नमस्कार. घरच्या लग्नात मंगल कार्यालयात काढलेले फोटो मी गिम्प या फोटो-संपादन सॉफ्टवेअरमध्ये सुधारत आहे. व्यासपीठावर पिवळे बल्ब असल्यामुळे अंतरपाट, मुंडावळ्या, वडीलधाऱ्यांच्या टोप्या असे सगळेच नारिंगी दिसते. कलर्स मेनूतील ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग आपोआप जुळवणारी आज्ञा) वापरल्यावर मंगलाष्टकांचे फोटो बरेच सुधारले. मात्र हळदीच्या फोटोंत तोच उपाय केला असता हळद फिकट पडली आणि सावल्यांना निळसर छटा आली. सर्व फोटो जेपेगमध्ये आहेत. एकच आज्ञा दोन ठिकाणी इतकी वेगळी का वागते, आणि नवशिक्याने सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १

ऑटो व्हाइट बॅलन्सला फोटोत काय आहे हे कळत नाही. लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलच्या (फोटोतल्या त्या-त्या रंगाच्या भागाच्या) हिस्टोग्रामची, म्हणजे कोणत्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणाऱ्या आलेखाची, दोन्ही टोके पाहून, प्रत्येक टोकाकडचे सुमारे ०.०५ टक्के पिक्सेल वगळून, उरलेला पट्टा ते ० ते २५५ असा ताणते. मंगलाष्टकांच्या फोटोत निळ्या चॅनेलचे वरचे टोक पांढऱ्या अंतरपाटावर होते, म्हणून ताणल्यावर पांढरे खरोखर पांढरे झाले. हळदीच्या फोटोत पिवळी साडी, झेंडूच्या माळा आणि हळदीने माखलेले चेहरे आहेत. तेथे निळा मुळात कमी असणे हेच योग्य होते आणि ताणल्यामुळे नसलेला निळा त्यात भरला गेला.

म्हणून पहिला निर्णय आपणच घ्यावा: या फोटोतली कोणती वस्तू प्रत्यक्षात पांढरी किंवा करडी होती? मूळ लेयरची (एकावर एक ठेवता येणाऱ्या चित्र-थराची) प्रत करून कलर्स मेनूतील लेव्हल्स (उजळपणा व रंग जुळवण्याची आज्ञा) उघडा. तेथे तीन ड्रॉपर (फोटोतला रंग टिपणारी साधने) आहेत. त्यांतला मधला, करड्यासाठीचा, घेऊन अंतरपाटाच्या किंचित सावलीतल्या घडीवर क्लिक करा. प्रकाशाने पूर्ण उजळून गेलेला भाग निवडू नका, कारण जेथे लाल २५५ ला टेकला आहे तेथे झाक नेमकी किती होती हे आकड्यांत उरलेलेच नसते. स्टीलचे ताटही टाळा, ते आजूबाजूचे रंग परावर्तित करते. आणि अक्षता कुंकवाने रंगवलेल्या असतात, म्हणून त्याही उपयोगाच्या नाहीत.

त्यानंतर डोळ्यांवर विसंबू नका. पडद्याकडे काही वेळ पाहिले की डोळे त्या झाकेला सरावतात. कलर पिकरने अंतरपाटावरचे आकडे वाचा. लाल २१०, हिरवा १८५, निळा १३० असे काही असेल, तर दुरुस्तीनंतर तिन्ही जवळजवळ सारखे यायला हवेत.

हळदीच्या फोटोत पांढरे काहीच नसेल, तर त्याच दिव्यांखाली काढलेल्या मंगलाष्टकांच्या फोटोवरची लेव्हल्सची सेटिंग प्रीसेट (पुन्हा वापरता येणारी जतन सेटिंग) म्हणून जतन करून येथे लावावी. कॅमेरा स्वतः ऑटोवर असेल तर प्रत्येक फोटोत थोडा फरक पडलेला असतो, म्हणून ती सेटिंग केवळ आरंभ समजावी आणि पुढे निळा चॅनेल हलक्या हाताने कमी-जास्त करावा.

प्रतिसाद २

वरील मांडणीशी सहमत. एक भर घालतो: काम करताना संगणकाचा नाइट लाइट अवश्य बंद ठेवावा, नाहीतर पडद्याच्या पिवळेपणाची भरपाई म्हणून आपण नकळत फोटो निळा करत जातो. तसेच नीळ दिलेले पांढरे कपडे किंचित निळसर असतात. अशा कपड्यावर ड्रॉपर टेकवल्यास उरलेला फोटो पिवळसर होतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार, अंतरपाटाची युक्ती लागू पडली. एका फोटोत मात्र वधूच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूस खिडकीचा उजेड आहे. बल्बप्रमाणे दुरुस्त केले की ती बाजू निळी पडते. यावर उपाय आहे का?

प्रतिसाद ३

आहे, पण एका सेटिंगने तो होणार नाही. साध्या पिवळ्या बल्बचे रंगतापमान (उजेड किती पिवळा वा निळा हे सांगणारे माप) साधारण २७०० ते ३००० केल्विन असते, तर दिवसाच्या उजेडाचे ५५०० च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक बाजू बिघडणारच. मूळ फोटोच्या दोन प्रती करा. खालची बल्बप्रमाणे दुरुस्त करा, वरची खिडकीप्रमाणे. वरच्या लेयरला काळा लेयर मास्क (काळा असेल तेथे लेयर लपवणारा, पांढरा असेल तेथे दाखवणारा मुखवटा) द्या आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने, अपारदर्शकता २० ते ३० टक्के ठेवून, फक्त खिडकीकडचा गाल आणि पदर हळूहळू रंगवा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करण्याचा हट्ट धरू नये, कारण उजेडातला फरक पूर्ण पुसला की चेहरा सपाट वाटू लागतो. चेहऱ्यावरचे आकडेही तपासावेत: वर्ण गोरा असो वा सावळा, त्वचेत लाल सर्वाधिक, मग हिरवा आणि निळा सर्वांत कमी असतो. हा क्रम उलटला असेल तर दुरुस्ती प्रमाणाबाहेर गेली आहे.

जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ च पायऱ्या असल्यामुळे फार ओढाताण केल्यास गालांवर पट्टे उमटतात. पुढील समारंभात शक्य असल्यास रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) फोटो काढावेत. बहुतेक कॅमेऱ्यांत ते १२ किंवा १४ बिटचे असते, म्हणजे ४०९६ किंवा १६३८४ पायऱ्या मिळतात, आणि व्हाइट बॅलन्स फाइलमध्ये पक्का झालेला नसतो. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो नंतर ठरवता येतो.