जुन्या मशीनवर डेटाबेस बसवायला ‘लाँग लाँग’ छाटावं का?

भुईकाटा, धरणगाव
इथल्या एका जिनिंगमध्ये काट्याचं जुनं युनिक्स मशीन अजून चालू आहे. त्याच्या सी कंपायलरला (सी भाषेतला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामला) ‘लाँग लाँग’, म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक, कळत नाही; ते सी भाषेच्या १९९९ च्या मानकात आलं, हा कंपायलर त्याआधीचा. एस्क्यूलाइट या डेटाबेसचा सोर्स कंपाइल होईना, म्हणून मी हेडरमध्ये (प्रकार ठरवणाऱ्या फाइलीत) नुसतं ‘लाँग’ केलं; ते इथे ३२ बिटांचं. एक वॉर्निंग नाही, चाचण्याही पास. रकमा पैशांत साठवलेल्या. ३,००० क्विंटल कापूस, भाव ७,२००, म्हणजे २ कोटी १६ लाख. पडद्यावर एकूण आली उणे २,१३,४९,६७२.९६! ३२ बिटांत २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांपुढे जागाच नाही. माझं ठाम मत: ६४ बिट मिळत नसतील तर बिल्ड तिथेच अडला पाहिजे.

तापीकाठ
नाही पटत भो. रकमा रुपयांत ठेव, २१४ कोटींपर्यंत चिंता नाही. रात्रीपासून ट्रॅक्टर रांगेत उभे असतात. ऐन हंगामात काट्याचं मशीन कोण बदलणार?

भुईकाटा, धरणगाव
हमाली-तोलाई पैशांत कापतात आणि ती शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीतून जाते. ते पैसे मी सोडणार नाही. शिवाय तारखा: १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजले तर १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८:४४:०७ नंतर मोजणी उलटते.

भुसावळकर
अरे, मशीनला कशाला दोष देता? ३२ बिटांच्या पेंटियमवरही जीसीसी हा नवा सी कंपायलर ६४ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत (प्रोसेसरमधल्या छोट्या खणांत) मांडतो. खालच्या अर्ध्याची बेरीज, हातचा वरच्या अर्ध्यात, शाळेत करायचो तशीच. भागाकाराला वेगळं फंक्शन लागतं. वेळ जास्त जातो, उत्तर बरोबर येतं. दुसऱ्या मशीनवर जीसीसीनं या मशीनसाठी प्रोग्राम बांधा, म्हणजे क्रॉस-कंपाइल करा.

तापीकाठ
आणि छपाई? जुन्या लायब्ररीच्या प्रिंटएफला (आकडे छापणाऱ्या फंक्शनला) ‘एलएलडी’, म्हणजे ‘लाँग लाँग’ छापायची खूण, माहीत नाही. आत आकडा बरोबर, पट्टीवर चुकीचा. शेतकऱ्याच्या हातात तर पट्टीच जाते.

भुसावळकर
हा मुद्दा खरा. म्हणूनच एस्क्यूलाइट स्वतःचा प्रिंटएफ सोबत आणतो. आपल्या पट्टीच्या प्रोग्रामलाही तोच वापरायला लावायचा.

भुईकाटा, धरणगाव
तरी अडवणारी ओळ हवीच. मी हेडरमध्ये अ‍ॅरे (आकड्यांची रांग) घोषित केली: प्रकार ८ बाइटचा (६४ बिटांचा) असेल तर लांबी १, नसेल तर उणे १. उणे लांबी जुन्यातला जुना कंपायलरही घेत नाही. काल आमचा तिथेच थांबला. आता जीसीसीनं बांधतोय. तोवर काटापट्ट्या वहीत, हातानं.