शब्बाथची लिफ्ट: आराम की पळवाट?

रेवदंडाकर: परवा इथे एकांनी ठणकावलं, "नियम काढले तर शब्बाथ उरतच नाही." वा! शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, काम वर्ज्य. बटणही दाबायचं नाही, म्हणून दर मजल्यावर आपोआप थांबणारी लिफ्ट बसवायची आणि ऐटीत आठव्या मजल्यावर जायचं. कोकणातल्या शनिवार तेल्यांकडे, म्हणजे तेलाचा घाणा चालवणाऱ्या तिथल्या ज्यूंकडे, ना तालमूद (ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ) होता ना लिफ्ट. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा. संपलं.

मिश्नावाचक: बैल मोकळा हाही नियमच! बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात, 5:14 मध्ये, बैल आणि गाढव नाव घेऊन आलेत. नियम पाळला म्हणून 'शनिवार तेली' झाले, मनाला येईल तेव्हा आराम केला असता तर नुसते तेली राहिले असते.

गाळा_नंबर_७: बटण सोपा भाग आहे हो. घोळ उतरताना. तुमचंच वजन लिफ्टला खाली ओढतं, म्हणजे काम तुम्ही केलंत. म्हणून काही रब्बी (ज्यू धर्मगुरू) चढू देतात, उतरू देत नाहीत. 2009 मध्ये इस्रायलमधल्या एल्याशिव वगैरे बड्या रब्बींनी तर अशी लिफ्टच नाकारली. तेव्हा 'पळवाट' सगळ्यांच्या माथी मारू नका.

रेवदंडाकर: वजनाचं पाप! आता चहाचंही सांगा.

आलं_घालून: सांगते. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावण्याआधी पाणी पूर्ण उकळून भांडं गरम ठेवायचं. आलं-वेलची घालून चहाचा दाट अर्कही तेव्हाच करायचा. शनिवारी पाणी आधी एका कपात, मग दुसऱ्यात, म्हणजे ते जरा निवतं; तिथे अर्क आणि साखर. कच्चं आलं ऐनवेळी टाकलंत तर ते शिजतं, आणि शिजवणं शब्बाथला वर्ज्य असलेल्या 39 कामांत येतं.

मिश्नावाचक: पहिला कप कोरडा हवा, हे राहिलं. थेंबभर गार पाणी असलं तरी वरून ओतलेल्या पाण्यात तेही शिजतं.

आलं_घालून: कोरडा कप गृहीतच आहे, उगाच शिकवू नका.

रेवदंडाकर: एका चहाला दोन कप. विश्रांती कुणाची, आणि धुणार कोण?

मिश्नावाचक: त्याच दिवशी पुन्हा लागणार असतील तरच धुवायचे. नाहीतर शनिवारी रात्रीपर्यंत बेसिनमध्ये.

रेवदंडाकर: हा एक नियम कबूल. बाकीचे अडतीस तुमच्याकडेच ठेवा.

गाळा_नंबर_७: भांडी धुणं 39 मध्ये नाहीच, तो रब्बींचा वेगळा नियम. निदान मोजायला तरी शिका.