थोरला मोती, धाकटी चिकू आणि ओली फरशी: तुमचे अनुभव सांगा

आमचा मोती साडेनऊ वर्षांचा. आई लॅब्रेडोर, बाप रस्त्यावरचा कुणीतरी. लहानपणीचे दोन महिने सोडले तर त्याने घरात थेंब सांडलेला नाही. पोट बिघडलं तरी रात्री दोनला बिछान्याशी येऊन नाक लावतो आणि दाराकडे चालू लागतो. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या पार्किंगमध्ये सापडलेलं दोन महिन्यांचं गावठी पिल्लू घरी आलं, तीच चिकू. माझा हिशोब सरळ होता: मोती आहेच, त्याचं बघून शिकेल. आई म्हणालीसुद्धा, थोरल्याला वळण असलं की धाकट्याला वेगळं लावावं लागत नाही. (आम्हा भावंडांत हे खरं ठरलं नव्हतं, पण असो.)

सध्या चिकू दिवसातून सातआठ वेळा हॉलमध्ये, एकदा देवघरासमोर आणि न चुकता मोतीच्या गादीवर शू करते. त्यात गेल्या मंगळवारी मोतीने सोफ्याच्या कडेला तंगडी वर केली. मी फडकं टाकून तिथेच फरशीवर बसले.

पिल्लाला काय शिकवायचं ते मला तोंडपाठ आहे. घरात आधीच एक मोठं कुत्रं असताना तुमच्याकडे काय झालं, ते ऐकायचंय. फसलेलं आधी सांगा. (कोथरूड, पुणे)

डोंबिवली, पाचवा मजला

ताई, बघून शिकतं हे अर्धं खरं. आमचा लाडू शेरूचं बघून खाली जायला शिकला, बसायला शिकला, कुरियरवाल्यावर भुंकायला तर एका दिवसात शिकला. शू मात्र नाही. दोघांना एकत्र खाली नेलं की लाडूला वाटायचं आपण खेळायला आलोय. वीस मिनिटं शेरूच्या शेपटीला लोंबकळायचा, मग लिफ्टने वर आला की दारातल्या पायपुसण्यावर मोकळा. बाहेरच्या मजेत त्याला लागलेलीच कळत नव्हती.

मग दोन फेऱ्या वेगळ्या केल्या. लाडूला एकट्याला, पट्टा लावून, कंपाउंडच्या एकाच कोपऱ्यात. तिथे मी खांबासारखा उभा, बोलणं नाही, खेळणं नाही. पाच मिनिटांत झालं तर तिथल्या तिथे खाऊ आणि कौतुक, त्यानंतर शेरूबरोबर हुंदडायला मोकळीक. नाही झालं तर वर आणून मांडीवर, दहा मिनिटांनी पुन्हा खाली. उठल्यावर, खाल्ल्यावर पंधरावीस मिनिटांत आणि दंगा थांबल्यावर, या तीन वेळा चुकवायच्या नाहीत. मोठं कुत्रं घरात असलं की दंगा दिवसभर चालतो, म्हणजे तिसरी वेळ दहादा येते. एकटं पिल्लू असलेल्यांना हे कळत नाही.

आणि लिफ्टमध्ये पिल्लाला खाली ठेवू नका. उचलून धरलं तर बहुतेक वेळा दम काढतं, फरशीवर ठेवलंत की संपलं. सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो फिरलाय.

सावंतवाडीजवळचं गाव

आमच्याकडे दार दिवसभर उघडं, त्यामुळे अर्धं काम वाघ्यानेच केलं. तो उठून परसात गेला की पिल्लू मागे. पंधरा दिवसांत खळं (म्हणजे अंगण) कोरडं राहू लागलं. आम्ही खूश. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा घोळ समजला. वाघ्या पावसात भिजत नाही, पडवीच्या टोकाला उभा राहून तिथूनच बाहेर धार सोडतो. आठ वर्षं आम्ही त्याकडे काणाडोळा केला होता. पिल्लू तेच शिकलं, फक्त त्याची धार बाहेरपर्यंत पोचत नव्हती.

दुसरं, पिल्लू वाघ्याच्या मागे जायला शिकलं होतं, दाराशी येऊन मागायला नाही. रात्री दार बंद आणि वाघ्या झोपलेला, की जिथे असेल तिथेच. ते आम्हाला वेगळं शिकवावं लागलं, रात्री कंदिलासारखी बॅटरी घेऊन. वडील म्हणाले, तुमच्या वेळीही एवढा जागलो नव्हतो.

नाशिक

एक प्रश्न, पुसता कशाने? आम्ही दोन महिने फिनाईल मारत होतो आणि दोन महिने तीच जागा ओली होत होती. डॉक्टरांनी समजावलं की फिनाईलने वास आपल्याला येईनासा होतो, कुत्र्याला नाही. अमोनिया असलेल्या क्लीनरने तर उलट होतं, त्याला तो मुताचाच वास वाटतो. आणि काळ्या फिनाईलवरून चालून पिल्लाने पाय चाटले तर ते त्याच्या पोटात जातं, ते वेगळंच.

शू झाली की आधी रद्दी किंवा जुना टॉवेल दाबून टिपून घ्या. मग एन्झाइमवालं (वासाचं मूळच तोडणारं) क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्या, लगेच पुसू नका. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो.

आमची खरी चूक पोछ्याची होती. हॉलमधली शू पुसलेल्या पोछ्यानेच मावशी सगळं घर पुसायच्या. म्हणजे रोज सकाळी घरभर पत्रिका वाटल्यासारखं. मोठ्या टॉमीलाही तो वास प्रत्येक खोलीत येत होता, आणि त्यानेही कोपरे धरायला सुरुवात केली होती. शूसाठी वेगळं फडकं ठेवलं, मावशींना चहा देऊन सगळं सांगितलं, आठवड्यात टॉमी थांबला. तुमच्या मोतीची गादी नुसती उन्हात टाकू नका, खोळ काढून एन्झाइमने धुवा. नाहीतर चिकूच्या लेखी ते संडासच आहे.

पर्वरी, गोवा

हे लिहायला जरा जड जातंय.

राणी ११ वर्षांची, नसबंदी झालेली. टिंगू आला आणि आठवडाभरात राणीच्या बिछान्यावर ओले डाग दिसायला लागले. साहजिकच टिंगूवर आळ. त्याला ती खोली बंद केली तरी डाग. मग मला वाटलं, राणी रुसून मुद्दाम करतेय, पिल्लाचा राग काढतेय. एक दिवस मी तिच्यावर ओरडले. ती उठली, स्वतःच्या बिछान्याकडे वळून वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच माहीत नव्हतं की तिथे काय झालंय.

तेव्हा लक्षात आलं की डाग नेहमी ती झोपून उठल्यावरच असतो, ती निजते त्या बाजूच्या बरोबर खाली. डॉक्टरांनी लघवी तपासली, संसर्ग नव्हता, साखर नव्हती. नसबंदी झालेल्या वयस्कर माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडून झोपेत गळतं, हे त्यांना अगदी नेहमीचं होतं, मला नवीन. गोळ्या सुरू केल्या, दोन आठवड्यांत बिछाना कोरडा. पिल्लू आलं आणि त्याच सुमारास हे सुरू झालं म्हणून आम्ही महिनाभर चुकीच्या कुत्र्यामागे, मग चुकीच्या कारणामागे धावत होतो.

मोतीने तंगडी वर केली म्हणजे बहुतेक हद्द सांगण्याचाच प्रकार असेल. तरी साडेनऊ हे वय लहान नाही. आधी लघवीची तपासणी करा. पाणी जास्त पितोय का बघा. मग रुसव्याचं बोला.

सोलापूर

मी पिल्लाचं नाक शूला लावलं होतं. घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं. पिल्लू एवढंच शिकलं की या माणसासमोर शू करायची नाही. मग कपाटामागे, पलंगाखाली, आणि बाहेर नेलं तरी माझ्यासमोर करीना. त्याहून वाईट म्हणजे पिल्लाला रागावलं की आमची जुनी काळू खाटेखाली जाऊन बसायची. सात वर्षांत तिला कुणी रागावलं नव्हतं. ओरडणं एकाला असतं, ऐकतात दोघं.

कोल्हापूर

आमचं पिल्लू फक्त म्हातारा खंड्या जवळ आला की शू करायचं. कान मागे, उलटं पडून, पोट वर. ही सवय नव्हे, ‘तू थोरला, मी धाकटा’ असं सांगणं आहे. आम्ही काहीच केलं नाही, फक्त त्यांची भेट फरशीवर होईल एवढं बघितलं, गालिच्यावर नाही. सातव्या महिन्यात बंद.

मिनीॲपोलिस, अमेरिका

जानेवारीत पिल्लू आणू नका, एवढं सांगून थांबावंसं वाटतं. बाहेर उणे २०. आमचा थोरला, पुण्याहून आणलेला इंडी (म्हणजे आपला गावठी), बर्फाला इतकी वर्षं शिव्या देत सरावलाय. पिल्लू दारातूनच मागे फिरायचं. शेवटी फावड्याने गवत दिसेपर्यंत बर्फ काढून दोन हात जागा मोकळी केली आणि आधी थोरल्याला तिथे नेलं. त्याचा वास लागला, मग पिल्लाने तिथेच सुरुवात केली. मोठ्या कुत्र्याचा एवढा उपयोग मात्र शंभर टक्के.

पहिले दोन महिने पिल्लू शू करायच्या पॅडवर वाढलेलं होतं. पायाला मऊ लागलं की त्याला ती जागा योग्य वाटायची, त्यामुळे बाथरूममधली सगळी पायपुसणी एप्रिलपर्यंत कपाटात. तुमची चिकू पार्किंगमध्ये जन्मली असेल तर तिला सिमेंट हेच संडास वाटत असणार. हॉलची फरशी तिच्या हिशोबाने बरोबरच आहे. तिला खाली गवतावर न्यायच्या आधी सिमेंटवर नेऊन बघा.

मुलुंड

लसी पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नाही असं आम्हाला सांगितलं होतं, पार्व्होच्या भीतीने. तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणजे सोळा आठवड्यांपर्यंत पिल्लू घरातच. (मोठा खालून येतोच, म्हणून त्याचे पाय दारातच धुवायचो.) बाल्कनीत जुनं घमेलं ठेवलं, त्यात नर्सरीतून आणलेली माती, खालची नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन तास, फार तर तीन, एवढाच दम असतो, तेव्हा दर दीड तासाने घमेल्यात ठेवायचो. दहा दिवसांत जमलं.

मग एका सकाळी १३ वर्षांचा भीम घमेल्यात उभा. गुडघे गेलेत, खाली जाताना कण्हतो, पण तेरा वर्षं शिकवल्याप्रमाणे जातच होता. त्याने बघितलं असणार की या घरात आता बाल्कनीतही चालतं. बायको म्हणाली, हाकल त्याला. मी दुसरं घमेलं आणलं. पिल्लू आता दोन वर्षांचं आहे, रोज खाली जातं. घमेलं भीमचं.

पुन्हा कोथरूड

सगळ्यांचे आभार. पर्वरीच्या ताईंचं वाचून दुसऱ्याच दिवशी मोतीची लघवी तपासली. काही नाही निघालं. डॉक्टरांच्या मते हद्दच. त्याची गादी धुवून आमच्या खोलीत घेतली, पोछा बदलला, सकाळची फेरी त्याची एकट्याची केली. सोफा तेव्हापासून कोरडा आहे. चिकूला खाली सिमेंटवर नेलं आणि मिनीॲपोलिसकरांनो, पहिल्याच दिवशी दोनदा जमलं. हॉल आता दिवसाला दोनतीन वेळांवर आलाय. देवघर अजून आहे.

काल रात्री अडीचला मोतीने नाक लावून उठवलं. दाराशी गेले तर तिथे चिकू गोल गोल फिरत होती आणि मोती बाजूला उभा, त्याला स्वतःला जायचंच नव्हतं. माझा गळा भरून आला. चिकूला उचललं, तीन मजले उतरले, कोपऱ्यात डोंबिवलीच्या सूचनेनुसार खांबासारखी उभी राहिले. तिने दिव्याखालचा एक पतंग पकडला, एक सोडून दिला, वॉचमनच्या चपलेचा वास घेतला. पंधरा मिनिटांनी वर आणलं आणि तिने पायपुसण्यावर केली.