फिगर स्केचिंग: पेन्सिलीनंतर कोळसा घ्यावा की बोरू?

प्रश्न (रत्नागिरी)
ऑगस्टमध्ये मासेमारीबंदी उठली की संध्याकाळी मी मिरकरवाडा बंदरावर माणसं रेखाटायला जाते. आतापर्यंत सगळं २बी पेन्सिलीने केलं. चेहरे, बोटं, साडीच्या चुण्या नीट येतात, पण डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईच्या अंगावरचा भार कागदावर उतरत नाही. विलो चारकोल (विलोच्या काड्यांचा कोळसा) आणि बोरू (शाईत बुडवायची लेखणी) आणून ठेवलेत. सुरुवात कशाने करू? आणि आपल्या दमट हवेत कागद कुठला घ्यावा?

उत्तर (मालवण)
ताई, कोळशानेच करा. पेन्सिलीच्या बारीक टोकामागे डोळाही बारीकसारीकच शोधत राहतो. कांडीचा इंचभर तुकडा मोडा, आडवा धरा आणि रेघ न ओढता मानेपासून टाचेपर्यंतचा नुसता काळा आकार घासा. नाकडोळे राहू देत. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्या पायाच्या घोट्यापाशी उतरतो आणि त्या बाजूची कंबर वर चढते. एवढं जमलं की भार दिसतोच.

मला हे खरं कळलं ते देवबागच्या किनाऱ्यावर, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांची चित्रं काढताना. तिथे ओळंबा पावलांच्या मागे पडतो. माणूस मागे रेललेला असतो आणि त्याला दोर सावरतो. दोर काढायचा राहिला तर तो पडतोय असंच वाटतं! पेन्सिलीने मी दंडाचे स्नायू काढत बसायचो, कोळशाने आधी तो कल दिसला. विलो बोटानेही पुसला जातो, म्हणून चुकायची भीती नाही. कॉम्प्रेस्ड चारकोल म्हणजे चिकट द्रव्य घालून दाबलेली कोळशाची पूड, जास्त काळा उमटतो पण सहज निघत नाही. तो नंतर घ्या.

उत्तर (चिपळूण)
कागद जाड घ्या, १५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम वजन) वरचा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. ओलसर कागदावर कोळसा धरत नाही, शाई फुटते. बोरू कोळशानंतर, कारण त्याची रेघ पुसता येत नाही. पण शाई संपत आली की जी कोरडी, खरखरीत रेघ येते ती पाठीला आणि पोटरीला फार सुंदर दिसते. लाखेची इंडिया इंक फाउंटन पेनात मात्र भरू नका, पेन तुंबतं.

प्रश्नकर्ती
दोघांचे आभार. या आठवड्यात फक्त विलो नेते. फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा) तिथेच मारायचं का?

उत्तर (मालवण)
नको, वाऱ्याने फवारा उडून जातो. पानांमध्ये बटर पेपर घाला आणि घरी येऊन, खिडकी उघडी ठेवून, हातभर लांबून हलका थर द्या. रेखाटनं इथे टाका, बघायला आवडतील.