पाठीवर कवटीची खूण असलेला पतंग: स्टिक्स की लॅकेसिस?

कोथरूडकर:
पुण्यात वेताळ टेकडीलगतच्या सोसायटीत, जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली बसलाय. शरीर साधारण ५ सेंमी, पुढचे पंख काळपट-तपकिरी, पाठीवर पिवळट कवटी. पंख मिटलेले, मागचे दिसतच नाहीत. जाती कशी ओळखायची? नेटवर जिथे तिथे ॲट्रोपॉस लिहिलंय.

पाकोळी:
ॲट्रोपॉस आधी खोडा, तो आफ्रिका-युरोपाकडचा. आपल्याकडे दोन जाती: अकेरॉन्शिया स्टिक्स आणि अकेरॉन्शिया लॅकेसिस. कवटी तिघांनाही असते, तिच्यावर जाऊ नका. मागच्या पंखाचं मूळ बघा: तिथपासून पिवळा आणि वर दोन काळे पट्टे असले तर स्टिक्स, मुळाशी मोठा काळा डाग असला तर लॅकेसिस. गवताच्या काडीने पाठीला हलकं डिवचलं की पंख उचलतो आणि चक्क चीं चीं करतो. आधीच व्हिडिओ सुरू ठेवा, नंतर फ्रेम काढा. चिमटीत धरलात तर खवले जातात.

टेकडीवाला:
डिवचण्यापेक्षा पारदर्शक डब्यात घ्या आणि खालून फोटो काढा. स्टिक्सचं पोट खालून पिवळं, सहसा बिनपट्ट्यांचं. लॅकेसिसचे पट्टे खालपर्यंत येतात. पुढच्या पंखाच्या खालच्या अंगाला मध्यावर स्टिक्सला दोन पट्टे, लॅकेसिसला एक. पतंग जुना असेल तर हे पट्टे विटलेले असतात, मग मागच्या पंखाचंच खरं धरा. फ्लॅश बंद ठेवा, पिवळा पांढरट येतो. काम झालं की लगेच सोडा, फडफडून पंखांच्या कडा फाटतात.

कोथरूडकर:
डब्यातून फोटो मिळाले. मागचा पंख मुळाशी पिवळा, दोन पट्टे, पोटाखाली काही नाही. नोंदीत काय लिहू? अळ्या कुठे बघायच्या?

पाकोळी:
मग स्टिक्सच. कुल स्फिंजिडी, उपकुल स्फिंजिनी, नाव देणारा वेस्टवुड, १८४७. (लॅकेसिस जुनं, फॅब्रिशियस, १७९८.)
अळ्या तीळ, वांगी, धोतरा, घाणेरीवर. रंगाने पानांत मिसळून जातात, म्हणून आधी झाडाखाली जाडजूड लेंड्या शोधा आणि तिथून वर नजर न्या. शेपटीकडे वाकडं शिंग दिसलं की झालं. पूर्ण वाढलेली अळी मातीत शिरून कोष करते, तेव्हा त्या झाडाची कुंडी उकरू नका.

टेकडीवाला:
आणि मोठा पतंग फुलांवर शोधत बसू नका. सोंड आखूड नि जाड, मधमाश्यांच्या पोळ्यात घुसून मध पितो.